करंगळीचं माप

मी नवऱ्याला नावाने हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही, तुम्हालाही पटलंच पाहिजे असं काही नाही. पण पुढे सगळीकडे मधू, मधू येणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही रत्नागिरीचे. मार्चमध्ये सहा दिवस संभाजीनगरला जाऊन आलो. परत आल्यावर आळीतल्या प्रत्येकीने विचारलं, काय मग, लेणी कशी आहेत? लेणी कशी आहेत ते सांगतेच. त्यांच्यापुढे मी आ वासून उभी राहिले हे काही खोटं नाही. पण त्या सहा दिवसांत ज्याने माझी बोलती खरोखर बंद केली, ते पडेगावात एका पत्र्याच्या शेडमध्ये घडलं, आणि ज्यामुळे घडलं त्याची जाडी माझ्या नखापेक्षा थोडी जास्त होती. ते न सांगता नुसती लेणी सांगितली तर मला झोप लागणार नाही.

आमच्या सामानात एक मोठी पेटी होती. तिच्यात मधूचा ऊद. ऊद म्हटलं की आपल्याकडे धुपाटणं आठवतं, पण हे अरबांचं वाद्य. अर्धा कापलेला भोपळा असावा तशी पाठ, त्यावर पातळ फळी, आखूड मान, आणि मान संपते तिथे डोकं असं मागे मोडलेलं की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी आपटला. अकरा तारा, पाच जोड्या आणि एक एकटी. सतारीसारखे पडदे नाहीत, बोट पडेल तिथे स्वर. मधू मस्कतला एका कंपनीच्या कोठारात अकरा वर्षं नोकरीला होता, तिथे शेजारच्या खोलीतल्या माणसाकडून हा शिकला. मी तेव्हा इथे दोन मुलं आणि सासूबाई सांभाळत होते, पण ते असो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मधूची डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, पाय परत आला, हात मात्र रेंगाळला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने कोपऱ्यातली ही पेटी बघितली आणि म्हणाली, "काका, रबरी चेंडू कसले दाबता, रोज अर्धा तास हेच दाबा." तार दाबायची असते डाव्या हातानेच. मग एकेक बोट परत आलं. तर्जनी आली, मधलं आलं, अनामिका पावसाळ्यात आली. करंगळी आली ती दिवाळीत. करंगळी आली त्या दिवशी मी साखरभात केला. तेव्हापासून आम्ही जिथे जाऊ तिथे ही पेटी आमच्याबरोबर येते, आणि रोजचा अर्धा तास चुकत नाही.

मुकुंदवाडी

प्रवासाचं सांगत बसत नाही. दोन गाड्या बदलून पोचलो, कंबर मोडली, एवढं पुरे.

मुकुंदवाडीत राहते ती सायली, माझ्या बहिणीची मुलगी. तिचा नवरा बालाजी जालन्याकडचा, गावाकडे शेती, इथे कंपनीत नोकरी. भला माणूस, पण थट्टा केल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. पेटी बघून म्हणाला, "काका, ह्याच्यात काय हाय? मावशीचे दागिने?" मधू म्हणाला, "दागिने असते तर तिने मला उचलू दिली असती का?" दोघांचं तिथेच जमलं.

पहिल्या दिवशी मला कशाचं नवल वाटलं सांगू? हवेचं. मी परकर दोरीवर टाकला, चहा घेतला, वळून बघते तर कडकडीत वाळलेला. रत्नागिरीत एक चादर वाळायला दोन दिवस आणि वर नशीब लागतं. मी मग बॅगेतले धुतलेले कपडेही पुन्हा धुतले. सायली हसायला लागली. हसू दे. वाळलेल्या कपड्यांचं सुख कोकणातल्या बाईलाच कळतं. दुसऱ्या दिवसापर्यंत माझे ओठ फुटले आणि मधूच्या टाचांना भेगा पडल्या, तरी मला ही हवा आवडतच राहिली.

जेवणात येसरची आमटी होती. धान्यं आणि मसाला भाजून दळलेलं पीठ, त्याची झणझणीत आमटी, बरोबर ज्वारीची भाकरी. नारळ नाही म्हणजे आमटी नाही अशी माझी साठ वर्षांची समजूत. पहिल्या भुरक्याला ठसका लागला, तिसऱ्याला मी वाटी पुढे केली. बालाजी म्हणाला, "मावशी, खोबरं आणू का? तुमच्याकडं चहात बी घालत असतील." मी म्हटलं, "घालतो, पण जावयाच्या चहात नाही घालत."

संध्याकाळी मधू अर्धा तास बसला. एका तारेवर जरा भुणभुण झाली, तारेखाली माशी अडकावी तशी. प्रवासाने दमलाय, असं मी म्हटलं. त्यालाही ते पटलं.

वेरूळ

दुसऱ्या दिवशी बालाजीने सुट्टी काढून त्याच्या गाडीने आम्हाला वेरूळला नेलं. निघताना मधूने पेटी डिकीत टाकली. त्याचा बेत असा की लेणी बघून झाली की कुठेतरी झाडाखाली बसून अर्धा तास उरकायचा.

कैलास लेण्याचे फोटो मी शाळेच्या पुस्तकापासून बघितलेत. ते सगळे फुकट. बालाजीने आधी डोंगरावरच्या पायवाटेने वर नेलं आणि कठड्याशी उभं करून म्हणाला, "आता बघा खाली." खाली अख्खं देऊळ. डोंगराच्या पोटात, डोंगराचंच. एक दगड आणून ठेवलेला नाही, एक जोड नाही. बालाजी म्हणाला, "वरून खाली आलेत मावशी. आधी कळस, मग पाया." मी घर बांधणारी बाई. दोनदा गवंडी बदललेत, एक भिंत पाडून परत बांधून घेतलीय. माझ्या मनात पहिला प्रश्न आला की, चूक झाली तर? हत्तीची सोंड जरा जास्त कापली गेली तर ती परत चिकटवायची कशी? आणि चूक झालेली दिसत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं नुसतं काढत गेली आणि उरलं ते देऊळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुसलं नाही.

मधू बोलघेवडा माणूस, पण खाली अंगणात हत्तीपाशी तो वीस मिनिटं एक शब्द न बोलता उभा होता. मग म्हणाला, "मालती, आपण उगीच धावपळ करतो गं." चाळीस वर्षांच्या संसारात त्याने मला दिलेलं हे एकमेव तत्त्वज्ञान, त्यामुळे लक्षात राहिलं.

आता माझी चूक सांगते. लेण्याकडे निघताना मधू पेटी डिकीतून काढत होता. मी म्हटलं, "लेण्यांत कशाला ते ओझं? राहू दे गाडीत." तो म्हणाला, "ऊन आहे." मी म्हटलं, "उन्हाला काय ते खायचंय?" त्याने ऐकलं. तो नेहमी ऐकतो, हाच त्याचा दोष. गाडी साडेतीन तास उघड्यावर मार्चच्या उन्हात उभी होती. परत आलो तेव्हा पेटीच्या कडीला हात लावला तर चटका बसला. झाडाबिडाचं नाव न काढता आम्ही घरी आलो.

संध्याकाळी मधूने ऊद मांडीवर घेतला, तारा जुळवल्या आणि पहिला स्वर दाबला. भुण्ण. दुसरा दाबला, भुण्ण. कुठलीही तार घ्या, कुठलंही बोट घ्या, तेच. त्याने दात-ओठ खाऊन दाबून बघितलं. पुन्हा तेच. दहा मिनिटांनी त्याने पेटी बंद केली.

जेवताना बघते तर हा डाव्या हाताने भाकरी मोडतोय. तुकडा सुटत होता, पुन्हा धरत होता. ताटावरून उठल्यावर मी गॅलरीत गेले तर तो डावी करंगळी उजव्या हाताने वाकवून बघत उभा होता. मला म्हणाला, "हात मागे चाललाय गं."

सकाळी उठल्या उठल्या बालाजी आम्हाला त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी रक्तदाब बघितला, मूठ दाबायला लावली, बोटं एकेक करून ताणून बघितली. म्हणाले, काही कमी झालेलं नाही, हात होता तसाच आहे. माझा जीव भांड्यात पडला. मधूचा नाही पडला. बाहेर आल्यावर म्हणाला, "डॉक्टरांनी मूठ बघितली. करंगळीचं त्यांना काय कळतं?"

"अरे, वाद्याचंच काहीतरी झालं असेल. मीच गाडीत ठेवायला लावलं ते."

"वाद्याला काय होतंय? बोट नीट दाबलं नाही की असाच आवाज येतो. दोन वर्षं ऐकतोय मी तो आवाज, मला शिकवू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं." मग म्हणाला, "परत गेलो की देऊन टाकू कोणालातरी. आता नाही मला त्यात जीव घालायचा."

या माणसाची चार बोटं त्या तारांवर परत आली होती. तारा गेल्या की बोटं जाणार, हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. मी गाडीत मागे बसून रडले, आणि बालाजीने आरसा दुसरीकडे वळवला. घरापाशी गाडी थांबल्यावर तो म्हणाला, "मावशी, पडेगावला किसन मिस्त्री हायत. वीणा बनवतेत, तंबोऱ्याची कामं करतेत. आमच्या गावच्या देवळात त्यांच्याच हातची वीणा हाय. दाखवून तर बघू."

मधू म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "तुला कोणी विचारलंय? पेटी माझ्या ताब्यात आहे."

पडेगाव

दौलताबादच्या रस्त्याला पडेगाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याची शेड. दारातून लांबवर देवगिरीचा किल्ला दिसतो. आत लाकडाचा भुसा, आढ्याला टांगलेले भोपळे, आणि मध्ये बसलेले किसन मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढचं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, हे बालाजी सांगायला विसरला होता.

मिस्त्रींनी पेटीतून ऊद काढला तो तान्हं मूल काढावं तसा, मानेखाली हात घालून. पाठीवरून नख फिरवत एकेक पट्टी मोजली. म्हणाले, "हे कुठलं जनावर?"

"मस्कतचं," मी म्हटलं. "आवाज बिघडलाय बघा."

मिस्त्रींनी उजव्या गालाचं हाड ऊदाच्या पाठीला टेकवलं, डोळे मिटले, आणि पहिल्या जोडतारेवर बोट धरून ती छेडली. भुण्ण. दुसरी छेडली. भुण्ण. आणि त्या माणसाचा चेहरा उजळला.

"वा," ते म्हणाले. "काय जवारी लागली हाय! लई झकास. हे बिघडलंय कुणी सांगितलं?"

ज्यांना तंबोऱ्याचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तार त्या घोडीला जरा जरा घासत राहिली की तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो, तीच जवारी. ती साधायला कारागीर दिवसच्या दिवस घोडी घासत बसतात, आणि शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नेमका जागेवर आणतात. म्हणजे आम्ही ज्या भुणभुणीवर रडत होतो, ती मिळावी म्हणून या माणसाने आयुष्य घातलं होतं.

मी म्हटलं, "अहो मिस्त्री, ती काढायलाच आलोय आम्ही." पण मी उभी होते त्यांच्या डाव्या बाजूला. त्यांनी ऐकलंच नाही. "थांबा, आणखी खुलवून देतो," म्हणत त्यांनी रिळावरचा धागा तोडलासुद्धा. ऊदाची घोडी फळीला चिकटवलेली असते आणि प्रत्येक तार तिच्यातल्या भोकातून येऊन स्वतःलाच वेढा घालून पुढे निघते. मिस्त्रींनी चिमटा घेऊन त्या वेढ्यापाशी जोडतारेखाली धागा सरकवला. गाल टेकवला. तार छेडली.

भुणभुण कमी झाली.

"आँ?" मिस्त्री म्हणाले. धागा काढला, तार छेडली, भुणभुण हजर. धागा घातला, भुणभुण कमी. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. मग ऊद डोळ्यापाशी आडवा धरून, एक डोळा मिटून मानेच्या कडेने बघत राहिले. बराच वेळ बघितलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन ओरडले, "ती भुणभुण नकोय आम्हाला. ह्यात आवाज साफ लागतो."

"आत्ता ध्यानात आलं," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून धाग्यानं उलटं केलं, तार जरा उचलली. तंबोऱ्यात बोट दाबायचं नसतंय. ह्यात तार मानेवर दाबायची, अन्‌ ती तर पार निजली हाय. एवढ्या खालून गेली तर पुढच्या लाकडाला घासणारच की. तुम्ही कुठले?"

"रत्नागिरीचे."

"मग बरोबर. तिकडं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं. इथली हवा कोरडी, त्यात ऊन लागलं असंल. फळी सुकून खाली बसली, फळीबरोबर घोडी खाली, घोडीबरोबर तारा खाली."

ऊन लागलं असंल, या शब्दांवर मी मान खाली घातली. पण मधू पुढे सरकला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदा बोलला. "मिस्त्री, तसं नाही. माझ्या हातावरून वारं गेलं होतं. बोटांत जोर नाही. दोष हाताचा आहे, वाद्याला उगीच नावं ठेवू नका. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतील लोक."

मिस्त्रींनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "आवो, पण अंगण खरंच वाकडं असलं तर?"

त्यांनी चिमट्याने धागा काढून टाकला. मग स्वतःचा डावा हात पुढे केला. साठ वर्षं रंधा धरलेला हात, बोटं अशी की खिळा ठोकायला हातोडी लागू नये. मधू जिथे करंगळी ठेवायचा, नेमकी तिथे त्यांनी आपली करंगळी ठेवली आणि दाबली. नख पांढरं पडेपर्यंत दाबली. "छेडा," ते मधूला म्हणाले.

मधूने तार छेडली. भुण्ण.

"माझ्या हातावरून तर काय वारं गेलं नाय ना? तरी भुणभुणायलंय. आता सांगा, कुणाचा दोष?"

मधूने पुन्हा छेडली, मिस्त्रींच्या बोटाखाली. पुन्हा तेच. मग तो खाली भुशातच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते या माणसाने एका करंगळीत केलं होतं. मी बघतच राहिले. एवढं साधं, आणि आम्हाला दोघांना सुचलं नव्हतं.

मला वाटलं, आता तासाभरात काम होईल. मिस्त्री म्हणाले, "उद्या या."

"उद्या?" माझा पारा चढला. "परवा आमची गाडी आहे."

"परगावाहून आलेलं वाद्य एक रात्र मुक्काम केल्याबिगर मी हात लावत नसतो. तहानलेल्या माणसाचं माप घेत नसतेत, मावशी. आज त्याला माठापाशी ठिवतो. लाकडाला वाटलं तर थोडं उठंल. जेवढं उठंल तेवढं त्याचं, बाकीचं आपण करू."

मी भांडायच्या तयारीत होते. मधू उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." मिस्त्रींनी पाण्याने भरलेल्या मोठ्या माठाशेजारी घोंगडी अंथरली आणि त्यावर ऊद पालथा निजवला. बाहेर पडताना मधूने दोनदा मागे वळून बघितलं. संध्याकाळी सायलीने जिलबीसारख्या इमरती आणल्या. मधूने तीन खाल्ल्या, डाव्या हाताने.

पुन्हा पडेगाव

सकाळी दहाला पोचलो. फळी उठली होती, पण थोडीच. मिस्त्री म्हणाले, "त्याचं झालं. आता आपलं."

मला वाटलं होतं, घोडी उखडून नवी बसवतील. काल रात्री मधूने मस्कतच्या त्या शेजाऱ्याला फोन केला तेव्हा त्यानेही तसंच सांगितलं होतं, आणि उखडताना फळी चिरफाळू शकते हेही सांगितलं होतं. मिस्त्री उखडण्याचं नुसतं नाव ऐकून शहारले. "घालायचं ते घालावं, काढू काय नये. काढलेलं परत येत नाय." दोन दिवसांपूर्वी मी एक अख्खं देऊळ काढून काढून केलेलं बघून आले होते. पण तो डोंगर होता, हे माझ्या नवऱ्याचं वाद्य होतं, आणि मला मिस्त्रींचं म्हणणं एकदम पटलं.

त्यांनी भिंतीवरचं जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि त्याच्या बारीक पट्ट्या केल्या. एक पट्टी दुमडून, धागा घातला होता तशीच पहिल्या जोडतारेखाली सरकवली. म्हणाले, "काका, करंगळी ठिवा."

मधू म्हणाला, "करंगळी कशाला? तर्जनी घेऊ या, ती चांगली आहे."

"चांगल्या बोटाचं माप घेऊन काय करू? ते कुठं बी भागवून घेतं. सगळ्यात कमजोर बोट कोणतं? त्याचं माप घ्यायचं."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला. दोन वर्षं मी त्या करंगळीला लपवत आले होते. पाहुण्यांसमोर कप उजव्या हातात घे, पिशवी तू धरू नकोस, मी धरते. आणि हा अनोळखी म्हातारा म्हणत होता, तिलाच पुढे बसवा, तिच्या मापाने वाद्य होईल.

मग दोन तास तेच चाललं. एक घडी घातली की भुणभुण थोडी उरायची. तीन घड्या घातल्या की आवाज काचेसारखा साफ, पण तार एवढी उंच की मधूची करंगळी चार वेळा दाबून थरथरायला लागायची. दोन घड्या घातल्या की एखाद्या जागी भुणभुण उरायची. मिस्त्री प्रत्येक वेळी गाल टेकवून ऐकायचे आणि डोळे मात्र मधूच्या बोटावर. बोट थरथरलं की पट्टी बाहेर. दोन घड्या आणि वर एक सुटा कागद, असं पहिल्या जोडीचं ठरलं. दुसरीचं वेगळं आलं, तिसरीचं त्याहून वेगळं. शेवटच्या एकट्या जाड तारेपर्यंत करंगळी दमली, तेव्हा त्या तारेचं माप मिस्त्रींनी अंदाजाने धरलं.

बारा वाजता मिस्त्रींनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. न विचारता चार वाटे केले. माझ्या माहेरी कारागिराला जेवायला वाढतात, कारागिराने गिऱ्हाइकाला वाढल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. ठेच्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मिस्त्री बालाजीला म्हणाले, "मावशीला गूळ द्या रं."

जेवणानंतर त्यांनी डब्यातून हाडाचा एक पांढरा तुकडा काढला. उंटाचं हाड, सतारीच्या घोडीवर बसवायला आणतात, त्यातला उरलेला. त्यातून करवतीने सहा कपटे काढले आणि प्रत्येक कपटा त्या त्या कागदाच्या घडीच्या जाडीचा होईपर्यंत कानसेवर घासला. मापायला यंत्र नाही. डाव्या अंगठ्या-तर्जनीत कागद, उजव्यात हाड, डोळे मिटलेले. तीन वेळा घासायचं, बोटांत धरायचं. दोन वेळा घासायचं, बोटांत धरायचं. मी मघापासून काहीतरी बोलावं म्हणत होते, आणि मला शब्द सुचेना. माझी ही अवस्था माझ्या ओळखीच्यांना सांगितली तर ते विश्वास ठेवणार नाहीत.

एकेक कागद काढून मिस्त्रींनी तिथे हाड सरकवलं. ना डिंक, ना खिळा. "पावसाळ्यात तुमच्याकडं लाकूड फुगंल, तारा आपोआप वर जातील. तेव्हा हे काढून डबीत ठिवा. कोरडं पडलं की परत घाला."

मग त्यांनी ऊद मधूच्या मांडीवर दिला.

मधूने तर्जनी ठेवली. साफ. मधलं बोट, साफ. अनामिका, साफ. करंगळी ठेवली, दाबली, छेडली, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये असा भरदार, गोल स्वर निघाला की आढ्याचे भोपळे त्याला साद देऊन गेले. मी मोठ्याने हुंदका दिला. सायली असती तर म्हणाली असती, मावशी, लोक बघतायत. बघू देत. मधू एका तारेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर करंगळी नेत गेला आणि सगळीकडे तोच स्वच्छ आवाज आला.

शेवटची सगळ्यात जाड तार राहिली. ती एकटीच असते, तिला जोडी नाही. तिच्यावर त्याने करंगळी दाबली आणि छेडली. थप्प. ओल्या लाकडावर बोट मारावं तसा आवाज, स्वर नाहीच. पुन्हा दाबली. थप्प.

मिस्त्रींनी हात पुढे करून त्याच जागी आपली करंगळी ठेवली. "छेडा." मधूने छेडली. तार खणखणीत बोलली, कुठेही घासली नाही.

आम्ही तिघंही समजलो. बालाजी दाराकडे बघायला लागला. काल ज्या बोटाने मधूला सोडवलं होतं, तेच बोट आज दुसरं सांगत होतं. मी मधूच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मिस्त्रींनी चिमटा उचलला. हळू आवाजात म्हणाले, "काका, हिचं हाड जरा पातळ करतो. तार खाली येईल, बोटाला हलकं जाईल. थोडी भुणभुणंल, पण लागंल तरी."

मधूने डावा हात घोडीवर आडवा ठेवला.

"राहू द्या मिस्त्री," तो म्हणाला. "ही कसर घोडीची नाही. ही माझी आहे."

मी वर बघितलं. तो हसत होता. दोन दिवस ज्याला वाटत होतं की सगळा हात चाललाय, त्याला आता पक्कं ठाऊक झालं होतं, त्याचं काय परत यायचं राहिलंय ते. एक बोट, एक तार, एक जागा. त्याने करंगळी परत तिथेच ठेवली. थप्प. पुन्हा ठेवली. थप्प. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "मधू, मिस्त्रींना कामं असतील."

मिस्त्रींनी चिमटा डब्यात टाकला, डबा बंद केला आणि पाट ओढून समोर बसले.

"वाजवा तुम्ही," ते म्हणाले. "मला कुठं जायचं नाय."